नकाशात कारागिराला जागा कोठे?

आम्ही कापडाचे व्यापारी. इमारतींवर लिहिण्याचा तुम्हाला अधिकार काय, असे कोणी विचारील. ज्याने चांगले दुकान पाडून दुसरे बांधले आणि त्यात नुकसान सोसले, त्याला या विषयावर दोन शब्द बोलण्याचा हक्क आहे असे आम्ही समजतो.

मोर्शीतील आमचे जुने दुकान धाब्याचे होते. मातीच्या दीड हात रुंद भिंती, वर सागाचे लाकूड, पुढे ऐसपैस ओटा. त्या ओट्यावर वडिलांच्या काळापासून एका टेलर मास्टरचे मशीन होते. गिऱ्हाईक आमच्याकडे कापड फाडून घेई आणि तेथेच माप देई. आम्ही मास्टरकडून भाडे घेत नसू, तो आमच्याकडून कमिशन मागत नसे. आंबिया बहाराचे पैसे हाती आले की खेड्यापाड्यांतल्या बायाबापड्या बाजाराला येत, ओट्यावर टेकत, माठातले पाणी पीत. निम्मा सौदा तेथेच होऊन जाई.

काही वर्षांपूर्वी आम्ही ते दुकान पाडले. एका इंजिनिअरने नकाशा काढून दिला. वर स्लॅब, पुढे काच, तीन पायऱ्या. ओटा गेला, कारण तेवढ्या जागेत दोन कपाटे जास्त बसत होती. हा हिशोब इंजिनिअरचा नव्हता, आमचाच होता, हे येथे कबूल करतो. मास्टर एका बोळात गेला. तेथे गिऱ्हाईक पोहोचेना, तेव्हा त्याने मशीन घरी नेले. इकडे मे महिन्यात आमचा स्लॅब असा तापतो की वीज गेल्यावर काचेच्या आत उभे राहवत नाही. म्हातारी माणसे पायऱ्या पाहूनच पुढे जातात. कपाटे मात्र भरलेली आहेत!

नवीन इमारत उभी राहिली की बोलणे होते ते चौरस फुटाच्या भावाचे आणि दर्शनी भागाचे. तिच्यामुळे कोणाची रोजी वाढली आणि कोणाची गेली, हे कोणी विचारत नाही. मालकही नाही आणि आर्किटेक्टही नाही.

आपल्याच राज्यातले किल्लारीचे उदाहरण पाहा. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे आठ हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यावर मातीचे जड माळवद, हेच पुष्कळांचे मरण ठरले. म्हणून जुने ते सगळे चांगले, असे आम्ही म्हणणार नाही. पुढे 52 गावे नव्या जागी वसवली गेली. काम प्रचंड होते आणि ते झाले, याचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु घरे दिली ती शेतीच्या मोजमापावर. भूमिहीन आणि अल्प जमीनवाल्याला 250 चौरस फूट, मधल्याला 400, मोठ्या जमीनदाराला 750. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे माप समजण्यासारखे आहे. पण विणकर, शिंपी, लोहार, पिंजारी यांचे काय? ज्याच्याकडे जमीन नाही त्याचे घर हेच त्याचे शेत असते. मशीन, माग किंवा भाता त्याला घरातच मांडावा लागतो. ज्याला कामासाठी जागा सर्वांत जास्त हवी, त्याच्या वाट्याला सर्वांत लहान घर आले. नवी गावे सरळ रस्त्यांची आणि लांबवर पसरलेली झाली. गल्लीच्या तोंडाशी बसून चालणारा धंदा अशा रुंद रस्त्यावर चालवणे सोपे नाही.

याउलट इंदूरला 'अरण्य' वसाहत आहे. ती 1980 च्या दशकात बाळकृष्ण दोशी यांनी आखली. दोशी जन्माने पुण्याचे. 2018 साली त्यांना वास्तुकलेचा जगातील सर्वांत मोठा मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळाला आणि 2023 मध्ये ते वारले. या वसाहतीत सुमारे साडेसहा हजार भूखंड आखले गेले. गरिबाला तयार खुराडे दिले नाही. जोते, संडास-न्हाणी आणि पाण्याची सोय करून दिली आणि पुढचे बांधकाम त्याच्या ऐपतीवर सोडले. नमुना म्हणून 80 घरे बांधून दाखवली. आमच्या मनात भरली ती एक छोटी गोष्ट. दार आणि रस्ता यांच्यामध्ये ओट्यासाठी, पायरीसाठी थोडी पट्टी नकाशातच सोडलेली होती! जो ओटा आम्ही दोन कपाटांसाठी तोडला, तो एवढ्या मोठ्या आर्किटेक्टने मुद्दाम कागदावर आखला. 1995 साली या कामाला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

येथे आपल्या व्यापारी बंधूंना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. नालीवर लादी टाकून पुढे सरकवलेला ओटा म्हणजे अतिक्रमण. तो आज ना उद्या तुटतो आणि त्यावर बसलेला गरीब उघड्यावर पडतो. ओटा सोडायचा तर स्वतःच्या हद्दीत, स्वतःच्या चौरस फुटांतून सोडावा. जागेचे भाव पाहता हे जड वाटेल. पण ज्या कॉम्प्लेक्सच्या वरच्या मजल्यावर गिऱ्हाईक चढतच नाही, त्या गाळ्यांत अडकलेला पैसाही काही हलका नाही.

आता आमचा मुलगा म्हणतो, मागचा वाडा पाडून गाळे काढू. मुलाच्या म्हणण्याला आमचा विरोध नाही. तरुणांनी धंदा वाढवलाच पाहिजे. अट एवढीच घातली आहे की नकाशा मंजुरीला जाण्यापूर्वी तो मास्टरला, समोरच्या रफूगाराला आणि बांगडीवालीला दाखवायचा. दर्शनी बाजूला चार फूट ओटा, त्यावर पत्र्याऐवजी कौलाची सावली, आणि चढायला एकच बुटकी पायरी. इंजिनिअर म्हणाला, यात एक गाळा कमी होतो. आम्ही म्हणालो, होऊ द्या. मुलगा अजून हिशोब मांडतो आहे. मास्टरला निरोप दिला आहे, येत्या बाजाराच्या दिवशी तो जागा पाहायला येणार आहे.