अडगळ आणि राडारोडा

भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' २०१० साली आली आणि माळ्यावरचा एक शब्द समीक्षेच्या दिवाणखान्यात येऊन बसला. चर्चासत्रांतून त्याचा गौरव पुष्कळ झाला. मात्र घर दुरुस्तीला काढले की त्याच चर्चासत्रांतले आपण वक्ते-श्रोते उरलेल्या फरशा, विटांचे तुकडे, चौकटीची लाकडे एका ट्रॅक्टरमध्ये भरून गावाबाहेर धाडतो. तेव्हा शब्दही बदलतो : राडारोडा. अडगळीला मालक असतो, राडारोड्याला नसतो.

सप्तशृंगगडाच्या वाटेवरील वणीसारख्या गावात हा भेद रस्त्याच्या कडेला वाचता येतो. जुने माळवदाचे घर 'उतरवतात', सिमेंटचे घर 'पाडतात'. खांब-तुळयांचे सांधे खाचेचे आणि खुंटीचे, म्हणून ते मोकळे होतात. एका घराची तुळई दुसऱ्या घराची चौकट होते. भिंतीची माती पुन्हा भिंतीत जाते, नाहीतर शेतात. देशावर गावठाणाला 'पांढरी' आणि शेताला 'काळी' म्हणतात. पडक्या घरांची पांढरी माती खत म्हणून काळीत नेण्याची रीत जुनी आहे. (पुरातत्त्वज्ञ तिच्यावर रुष्ट असतात, कारण प्राचीन वसाहतींची टेकाडे याच रीतीने खणली गेली.) सिमेंटचा मसाला मात्र विटेला असा धरतो की सोडवू जाता वीटच फुटते. काय वाया जाणार हे पाडकामाच्या दिवशी नव्हे, बांधकामाच्याच दिवशी ठरते, असे आमचे मत आहे.

यातून पूर्वज पर्यावरणवादी होते असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. लाकूड दुर्मिळ होते आणि सुताराचे श्रम बलुत्यात मिळत. आज जुनी वीट साफ करण्याची मजुरी नव्या विटेच्या किमतीला जाऊन भिडते. केवळ काटकसरीचा उपदेश येथे निरुपयोगी ठरतो.

तरीही काही गोष्टी हाताशी आहेत. एकाच घाण्यातली, त्याच छटेची फरशी पुन्हा मिळत नाही, म्हणून चार-सहा नग जपून ठेवणे हा शहाणपणा आहे, कंजूषपणा नव्हे. उघडलेले सिमेंट मात्र जपू नये; ओल लागून त्याचे खडे होतात, आणि बंद पोत्याचेही बळ तीन महिन्यांत उतरते. ते शेजाऱ्याच्या ओट्याला त्याच आठवड्यात द्यावे. पांढऱ्या फरशीचे तुकडे गच्चीवर बसवले तर खालची खोली उन्हाळ्यात कमी तापते. काँक्रीट, माती, लोखंड, लाकूड, विटा वेगवेगळे ठेवावेत, असे केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनीही सांगितले होते. ट्रॅक्टरच्या एका खेपेत ते सारे पुन्हा एक होतात. आणि विटांच्या तुकड्यांचे काय करावे, असे विचारणाऱ्यांनी गच्चीचा कोबा घालताना एकदा उभे राहून पाहावे. त्या थरात विटांचे तुकडेच लागतात. दाराशी फुटक्यांचा ढीग पडलेला असताना त्यासाठी नव्या विटा फोडल्या जातात.