घरोघरचीं यंत्रें : एका घरांतले तीन फोन

नेरूळ येथील आमचें बिऱ्हाड म्हणजे शेजारशेजारचीं दोन घरें आणि त्यांतील नऊ माणसें. सिडकोची स्थापना १९७० सालीं झाली व खाडीपलीकडे नवी मुंबई वसूं लागली. पुढें सुमारें अठरा वर्षांनीं दादरच्या दोन खोल्या सोडून आम्ही येथें राहावयास आलों. त्या वेळीं पंचेचाळिशींत असलेल्या आमच्या मातोश्री आज ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांचा फोन व माझ्या पुतण्याचें ॲप यांची जी कथा मी आज सांगणार आहें, ती पुष्कळ घरांत निराळ्या रूपानें घडत असेल, म्हणूनच ती या सदरांत देण्याचें धाडस करितों.

मातोश्रींस काचबिंदूचा विकार आहे. सकाळीं नऊ वाजतां व रात्रीं नऊ वाजतां डोळ्यांत थेंब घालावे लागतात. या विकाराचें दुष्टपण असें कीं, डोळ्यांतील दाबामुळें मागची जी नस झिजते, ती पुन्हां भरून येत नाहीं. गेलेली दृष्टि परत मिळत नाहीं. आहे तेवढी राखावयाची. गेल्या चैत्रांत घरीं मंगलकार्य होतें. पाहुण्यांच्या गर्दींत थेंब घालण्याची पाळी कोणाची हें कोणींच ठरविलें नाहीं, आणि दुसऱ्यानें घातले असतील असें प्रत्येकानें गृहीत धरिल्यामुळें ते चार-पांच वेळां चुकले. पुढील तपासणींत दाब वाढलेला आढळला. डॉक्टर रागावले नाहींत, एवढेंच म्हणाले, "इतक्या माणसांच्या घरांत हें व्हावयास नको होतें." तें वाक्य आम्हां सर्वांस लागलें.

माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा महापे येथील एका कंपनींत सॉफ्टवेअर लिहिण्याचें काम करितो. त्यानें दोन रविवार खर्चून एक लहानसें ॲप तयार केलें. नऊ वाजले कीं फोन वाजावा, पडद्यावर मोठ्या अक्षरांत "आजी, थेंब" असें उमटावें, आणि ज्यानें थेंब घातले त्यानें बोट लावतांच तें घरांतील सर्वांस कळावें, अशी योजना. त्याच्या स्वतःच्या फोनावर ती उत्तम चालली. मग त्यानें तेंच ॲप आजीच्या व माझ्या पत्नीच्या फोनांवर बसविलें. आजीच्या फोनावर तें क्षणभर उघडलें आणि मिटलें. पुन्हां उघडलें, पुन्हां मिटलें. पत्नीच्या नव्याकोऱ्या फोनावर तें नीट उघडलें, अक्षरें सुंदर दिसलीं. पण नऊ वाजून गेले तरी फोनानें हूं कीं चूं केलें नाहीं.

"माझ्याकडे तर चालतें!" पुतण्या म्हणाला. त्यावर मातोश्री शांतपणें म्हणाल्या, "अरे बाळ, तुझ्या फोनाला चालून काय उपयोग? काचबिंदू मला आहे."

नवा फोन घेऊन देऊं, असें आम्ही त्यांना सुचविलें होतें. परंतु तो फोन आमच्या तीर्थरूपांच्या हातचा. शिवाय, मंद दृष्टीला त्यावरील प्रत्येक जागा बोटांच्या संवयीनें ठाऊक झालेली. नव्या फोनावर तें सारें पुन्हां शिकावें लागलें असतें. तेव्हां फोनानें ॲपाशीं जुळवून घ्यावें हें शक्य नव्हतें. ॲपानेंच फोनाशीं जुळवून घ्यावयास पाहिजे होतें.

आतां यांतील शास्त्र थोडें पाहूं. फोनाच्या आंत अँड्रॉइड नांवाची कार्यप्रणाली असते. तिचा पहिला फोन २००८ सालीं विक्रीस आला व तेव्हांपासून तिच्या आवृत्त्या निघत आल्या आहेत. आजीच्या फोनांत २०१५ सालची सहावी, पुतण्याच्या फोनांत २०२१ सालची बारावी, आणि पत्नीच्या फोनांत २०२३ सालची चौदावी आवृत्ति. म्हणजे एका छपराखालीं प्रणालीच्याही तीन पिढ्या नांदत होत्या. जुन्या फोनावर नवी आवृत्ति चढवितां येत नाहीं काय, असें कोणी विचारील. ती फोन बनविणाऱ्यानें तयार करून द्यावी लागते, आणि कांहीं वर्षांनीं तो ती देण्याचें थांबवितो.

ॲप हें स्वतःच सर्व कामें करीत नाहीं. वेळ सांग, घंटा वाजव, पडद्यावर लिही, अशा आज्ञा तें प्रणालीस करितें. प्रत्येक आवृत्तींत या आज्ञांच्या कोशांत नव्या शब्दांची भर पडते. मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ति १८३१ सालीं निघाली व वाढविलेली दुसरी १८५७ सालीं. दुसरींत नव्यानें घातलेला शब्द पहिली आवृत्ति उघडून शोधणारास तो कसा सांपडावा? आजीच्या फोनाचें नेमकें हेंच झालें होतें.

हें तर्कानें नव्हे, पुराव्यानें ठरलें. फोनाच्या सेटिंग्जमध्यें बिल्ड नंबर म्हणून एक ओळ असते. तिच्यावर सात वेळां बोट टेंकलें असतां प्रोग्रामरांसाठीं राखलेलें एक दालन उघडतें. तें उघडून पुतण्यानें फोन केबलनें आपल्या संगणकास जोडला व ॲप पुन्हां चालविलें. मिटतां मिटतां ॲप काय म्हणालें, हें फोनाच्या लॉगमध्यें, म्हणजे त्याच्या रोजनिशींत, लिहिलेलें होतें : वेळ मोजण्याचा अमुक क्लास सांपडला नाहीं. दिवस व वेळ यांचा हिशेब करण्याची ती सोय अँड्रॉइडमध्यें २०१७ सालच्या आठव्या आवृत्तींत आली. सहाव्या आवृत्तीस तिचा गंधही नव्हता. अधिक वाईट गोष्ट अशी कीं, ॲप लिहितांना संगणकानें त्याच ओळीखालीं लाल रेघ मारून "ही आज्ञा जुन्या फोनास कळणार नाहीं" असें बजाविलें होतें. चिरंजीवांनीं ती सूचना बंद करून टाकिली होती! "काका, काम लवकर संपवायचं होतं," असें त्यानें खालीं मान घालून कबूल केलें.

यावर इलाज दोन. एक, आज्ञा करण्यापूर्वीं "तुझी आवृत्ति कोणती?" असें फोनास विचारावें व तो जुना असल्यास त्याला कळेल अशा जुन्या शब्दांत काम सांगावें. दुसरा, ती नवी सोय ॲपाच्याच पोटांत घालून पाठवावी, म्हणजे प्रणालीच्या कोशांत तो शब्द आहे कीं नाहीं हा प्रश्नच उरत नाहीं. वेळेच्या हिशेबाकरितां दुसरा मार्ग २०२० पासून सुलभ झाला आहे. पुतण्यानें तोच पत्करिला, आणि आजीच्या फोनावर ॲप उघडून स्थिर राहिलें.

नव्या फोनाचें दुखणें मात्र नेमकें उलट होतें. जुन्यास नवें कळत नाहीं, हें समजण्यासारखें आहे. पण नव्यास जुनें सारें कळत असून तो गप्प कां बसतो? कारण नव्या आवृत्त्या नवे शब्द देतात, तशी जुनी मोकळीक काढूनही घेतात. पूर्वीं कोणतेंही ॲप हवी तेव्हां सूचना देऊं शके. लोक त्या भडिमारास कंटाळले, तेव्हां २०२२ सालच्या तेराव्या आवृत्तीनें नियम केला कीं, फोनाच्या मालकाची परवानगी घेतल्यावांचून नव्या ॲपानें सूचना देऊं नये. पुतण्याच्या बाराव्या आवृत्तींत हा नियमच नव्हता, त्यामुळें परवानगी मागण्याचें त्याच्या ध्यानींमनींही आलें नाहीं. परवानगीचा प्रश्न विचारणाऱ्या कांहीं ओळी घालतांच पत्नीचा फोन बोलूं लागला.

आमची समजूत झाली कीं संकट टळलें. त्याच रात्रीं आजीच्या फोनाची नऊची घंटा नऊ वाजून सदतीस मिनिटांनीं झाली. सहाव्या आवृत्तींतच विजेच्या बचतीची एक युक्ति आली होती. पडदा मिटलेला, केबल काढलेली व फोन बराच वेळ एका जागीं पडलेला असला, म्हणजे प्रणाली झोंपी जाते आणि साध्या घंटा पुढील जागृतीपर्यंत तुंबवून ठेविते. आजीचा फोन संध्याकाळपासून देवघरांतील फळीवर असतो. पुतण्याचा फोन क्षणभरही हातांतून सुटत नाहीं. मग ही खोड त्याला दिसावी कशी? त्यानें "झोंपेंतही, नेमक्या क्षणीं वाजव" ही खास आज्ञा वापरिली, आणि आजीचा फोन नऊच्या ठोक्यास वाजला. परंतु दुसऱ्या दिवशीं, आदल्या दिवसापर्यंत नीट चालणारें पत्नीच्या फोनावरील ॲप मिटूं लागलें! नेमक्या क्षणीं घंटा वाजविण्याकरितां बाराव्या आवृत्तीपासून निराळी परवानगी लागते. बारावी ती आपण होऊन देते, चौदावी मात्र नव्या ॲपांस मालकानें मुद्दाम दिल्यावांचून देत नाहीं. एकाच्या औषधानें दुसऱ्यास विकार जडला. तेव्हां दुरुस्ती एका फोनाकरितां केली, तरी परीक्षा तिन्ही फोनांवर घेतली पाहिजे, हा धडा मिळाला.

ॲप लिहिणारास तीन अंक ठरवावे लागतात, त्यांचा अर्थ आतां वाचकांच्या लक्षांत येईल. पहिला, सर्वांत जुनी कोणती आवृत्ति चालेल. हें वचन आहे, आणि तें दिल्यावर पाळलें पाहिजे. दुसरा, कोणत्या आवृत्तीचा कोश समोर ठेवून लिहिलें. तिसरा, कोणत्या आवृत्तीचे नियम आपण वाचून मान्य केले; प्रणाली तो अंक पाहून नवे निर्बंध लागू करिते. गूगलच्या दुकानांतून ॲप द्यावयाचें तर हा तिसरा अंक अलीकडचाच असावा, अशी अट २०१८ पासून आहे व ती वेळोवेळीं पुढें सरकते. म्हणजे लिहिणाराचा एक पाय सतत पुढें ओढला जातो. दुसरा आजीपाशीं घट्ट ठेवणें हें त्याच्या इच्छेवर आहे.

हें प्रकरण केवळ फोनवाल्यांचें आहे असें समजूं नये. वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं कुलवृत्तांताचें किंवा वडिलांच्या आठवणींचें टंकलिखित संगणकांत पडून असेल, आणि तें आज उघडलें तर रोमन अक्षरांचा निरर्थक कालवा दिसत असेल. त्याचें कारण याच जातीचें. पूर्वींच्या पुष्कळ मराठी फाँटांत संगणक मनांत रोमन अक्षर ठेवी व त्यावर देवनागरी चित्राचा मुखवटा चढवी. कोणत्या अक्षरावर कोणता मुखवटा, हें प्रत्येक फाँटांत निराळें. तो फाँट नसलेल्या यंत्रावर मुखवटा गळून पडतो. युनिकोड या जागतिक संकेतानें १९९१ सालीं प्रत्येक देवनागरी वर्णास स्वतःचा अंक दिला, आणि विंडोज २००० पासून तो संकेत वाचणारा "मंगल" हा फाँट प्रणालीसोबतच येऊं लागला. त्याचे रेखनकार र. कृ. जोशी हे मुंबईच्या आय. आय. टी.मध्यें अध्यापक होते, व पुढें ज्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर केंद्रांत त्यांनीं काम केलें, तें २००३ सालीं सी-डॅकमध्यें विलीन झालें. त्या संस्थेचें एक आवार आमच्या नवी मुंबईंतच, खारघर स्थानकासमोर आहे. जोशी २००८ सालीं निवर्तले. त्यांचीं अक्षरें असंख्य घरांत नांदत आहेत. जुनीं लिखितें ज्यांच्याकडे असतील त्यांनीं तीं युनिकोडमध्यें पालटून घ्यावीं, पालटल्यावर जोडाक्षरें डोळ्यांखालून घालावीं, मूळ फाइल मात्र पुसूं नये, आणि एक प्रत कागदावर अवश्य ठेवावी.

तरुण वाचकांस चार सूचना. घरांतील सर्वांत जुना फोन टाकूं नका. तो तुमचा उत्तम परीक्षक आहे. संगणकानें मारलेली लाल रेघ पुसण्याआधीं वाचा. दोष शोधतांना एका वेळीं एकच बदल करा, नाहींतर गुण कशानें आला तें कळणार नाहीं. आणि "माझ्याकडे चालतें" हें उत्तर नव्हे. तेथून प्रश्नास आरंभ होतो. वडीलधाऱ्यांसही एक विनंति. "फोन बिघडला" एवढेंच न सांगतां, फोन कोणता, आवृत्ति कोणती, काय केल्यावर काय झालें, हें सांगावें. वैद्यापुढें आपण लक्षणें सांगतों तसें. ज्या फोनास सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळेनाशा झाल्या आहेत, त्यावर पैशांचे व्यवहार करूं नयेत. मातोश्रींच्या फोनावरून बँकेचें ॲप आम्हीं काढून टाकलें आहे. थेंबांपुरता तो पुरेसा आहे.

सध्यां नऊ वाजले कीं तिन्ही फोन एकदम वाजतात, आणि जो जवळ असेल तो उठतो. दोन महिन्यांनंतरच्या तपासणींत दाब उतरलेला निघाला. डाव्या डोळ्याच्या कडेचें जें दिसेनासें झालें होतें, तें अर्थातच परत आलें नाहीं. मातोश्रींनीं स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर थेंबांच्या खुणा करावयाचें मात्र सोडलेलें नाहीं. पुतण्यानें कारण विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "असूं दे रे. हिची आवृत्ति दरवर्षीं बदलते, पण मला वाचतां येते."