सिम बदललं, पण घरात रेंजच नाही. मग पैसे परत मिळतात का?

मुळशी तालुक्यात एकाच दिवसात मोबाइलची दोन जगं बघायला मिळतात. हिंजवडी-माणच्या आयटी पार्कात फाइव्ह-जी, आणि पौड सोडून ताम्हिणीच्या दिशेने निघालं की डोंगराच्या प्रत्येक वळणाला रेंजची दांडी कमी. एका कंपनीचं सिम धरणाच्या या काठाला चालतं, तर दुसऱ्या काठाला दुसऱ्याच कंपनीचं. लहरी सरळ जातात आणि सह्याद्रीची डोंगरसोंड मध्ये आली की अडतात, त्यामुळे टॉवर दोन किलोमीटरवर असूनही घरात फोन लागत नाही असं होऊ शकतं.

म्हणजे इथे कंपनी निवडायची तर आधी वापरून बघायला हवं. दुकानात शर्ट बदलून मिळतो, ऑनलाइन घेतलेला मिक्सर परत जातो. सिमचं काय?

थोडक्यात उत्तर असं, की ग्राहकाला हक्काने मागता येईल असा चाचणीचा काळ भारतात नाही. जवळ जाणारी एकच तरतूद आहे. नंबर पोर्ट करण्याचा अर्ज दिल्यापासून २४ तासांत तो मागे घेता येतो, त्यासाठी १९०० वर कॅन्सलचा एसएमएस करायचा. पण गंमत अशी की हे २४ तास अर्जापासून मोजतात. एकाच सर्कलमधलं पोर्टिंग पूर्ण व्हायला साधारण तीन कामकाजाचे दिवस लागतात. म्हणजे नवं सिम सुरू होऊन घरात रेंज येते का हे कळेपर्यंत माघारीची मुदत संपलेली असते.

त्यानंतर ९० दिवस दुसरीकडे जाता येत नाही. नवीन नंबर घेतला तरी हीच अट. जुन्या प्रीपेड नंबरवर शिल्लक असलेला बॅलन्स आणि उरलेली व्हॅलिडिटी पोर्ट होताना बुडते, ती नव्या कंपनीकडे जात नाही. पोस्टपेडवाल्यांना आधीचं बिल चुकतं करावं लागतं.

खर्चाचा हिशेब मांडला तर चित्र स्पष्ट होतं. जुलै २०२४ च्या दरवाढीत एअरटेलने २८ दिवसांचा १७९ रुपयांचा प्लॅन १९९ वर नेला, जिओने १५५ चा १८९ केला. १९९ चे तीन रिचार्ज म्हणजे ५९७ रुपये, आणि त्यात भरतात ८४ दिवस. उरलेल्या सहा दिवसांसाठी चौथा रिचार्ज. चुकीच्या कंपनीत अडकण्याची किंमत ७९६ रुपयांपर्यंत जाते. पोर्टिंगची फी त्यापुढे किरकोळ आहे.

नेटवर्क बंद पडलं तर भरपाई मिळते का? ट्रायच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांत ती आहे. सेवा २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिली तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेडला तेवढे दिवस व्हॅलिडिटी वाढवून मिळते. प्रीपेडसाठी हे १ एप्रिल २०२५ पासून लागू झालं. पण मोजमापाचं एकक आहे जिल्हा. नैसर्गिक आपत्तीमुळे बंद पडलं तर तेही धरत नाहीत. पुणे जिल्ह्याचा पसारा बघता मुळशीच्या एखाद्या खोऱ्यात चार दिवस फोन मुका राहिला तरी नियमाच्या लेखी काहीच घडलेलं नसतं. या नियमातली खरी फट हीच आहे, आणि ती डोंगरी तालुक्यांनाच जास्त बोचते.

कंपन्या स्वतःहून चाचणी देतात, पण त्यांच्या सोयीने. सप्टेंबर २०१६ मध्ये आलेल्या जिओने ३१ मार्च २०१७ पर्यंत सेवा फुकट दिली. देशातली सगळ्यात मोठी 'ट्रायल' तीच म्हणायला हवी. ऑगस्ट २०२५ मध्ये बीएसएनएलने नव्या ग्राहकांना एका रुपयात ३० दिवस, रोज २ जीबी डेटा अशी ऑफर काढली होती. अमेरिकेत व्हेरायझनसारख्या कंपन्यांनी ई-सिमवर ३० दिवसांची मोफत चाचणी दिली आहे: आपला नंबर तसाच, दुसरं नेटवर्क त्याच फोनमध्ये. आपल्याकडे ई-सिम आहे, दोन सिमचे फोन तर घरोघरी आहेत. अडचण तंत्रज्ञानाची नाही.

तोवर त्यातल्या त्यात स्वस्त मार्ग म्हणजे मुख्य नंबर न हलवता दुसऱ्या स्लॉटमध्ये नव्या कंपनीचं सिम घालून एक महिना बघणं. १८९-१९९ रुपयांत काम भागतं. घरात, शेतात, रोजच्या रस्त्यावर आणि शक्य तर पावसाळ्यात. कंपन्यांना आता आपल्या वेबसाइटवर कव्हरेजचे नकाशे टाकणं बंधनकारक आहे, ते आधी पाहावेत; मात्र नकाशातला रंग घराच्या भिंतीआड काय होतं ते सांगत नाही. शेजाऱ्याचा फोन मागून एक कॉल लावून बघणं त्याहून खात्रीचं.

फसवणूक झाली असं वाटलं, म्हणजे दुकानदाराने 'इथे फुल रेंज आहे' सांगून पोर्ट करायला लावलं, तर आधी १९८ वर तक्रार करून तिचा नंबर घ्यावा. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, तिथे ३९ दिवसांत निकाल अपेक्षित असतो. आणि टेलिकॉमचे वाद ग्राहक आयोगात चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी आयोगात फी लागत नाही.