कोड म्हणजे निदान नव्हे!

'चेक इंजिन'चा पिवळा दिवा लागला की सर्व्हिस सेंटरवाले स्कॅनर लावतात, कोड वाचतात आणि एका मिनिटात निकाल देतात, "साहेब, सेन्सर गेला." ह्या 'गेला'वर माझा आक्षेप आहे. हे तुम्हाला सांगितलं कोणी? कोडने तर नाही!

माझ्याच गाडीचं घ्या. कोड होता पी०११८. त्याचा अर्थ एवढाच की कूलंटचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त आहे. सर्किटमध्ये, मंडळी! म्हणजे सेन्सर, त्याच्या दोन वायरी, कनेक्टर आणि ईसीयू, सगळेच संशयित. ईसीयू एका रेझिस्टरमधून ५ व्होल्ट पाठवतो. इंजिन तापलं की सेन्सरचा रोध कमी होतो आणि व्होल्टेज उतरतं. मधे कुठे तार तुटली तर ते ५ च्या आसपासच अडकून बसतं आणि ईसीयूला वाटतं, इंजिन उणे ४० अंशांवर आहे. पुण्यात, मे महिन्यात, उणे ४०! स्कॅनरवर हा आकडा ढळढळीत दिसत होता. कोणालाही शंका आली नाही.

सेन्सर बदलला, बिल भरलं, चौथ्या दिवशी दिवा पुन्हा हजर. आता म्हणे ईसीयू बदलू, "खर्च जरा जास्त येईल."

मी गाडी घरी आणली. वायरिंग डायग्राम बघून कनेक्टर काढला आणि वायरिंगकडच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या. वायरिंग धड असेल तर आकडा उणे ४० वरून थेट वरच्या टोकाला उडी मारतो. इथे ढिम्म. म्हणजे सेन्सर निर्दोष! मग बॅटरी काढून एकेक वायर मल्टिमीटरने तपासली. एक तुटलेली निघाली, उंदराने कुरतडलेली. दोन इंच वायर, थोडं सोल्डर, काम फत्ते.

"दिवसाला इतक्या गाड्या येतात, तपासायला वेळ कुठे?" असं कोणी म्हणेल. मान्य. पण पाना हातात घेतलेल्या पोराला शिव्या देऊन उपयोग नाही. पार्टचे पैसे बिलात लागतात, डोकं चालवण्याचे लागत नाहीत, खरी गोम इथे आहे. आणि ह्यात आपणही सामील आहोत. 'तपासणी : पाचशे रुपये' दिसलं की आपण भांडतो, 'सेन्सर : दोन हजार' मात्र गुपचूप भरतो.

लॉगमध्ये 'कनेक्शन टाइमआउट' दिसल्यावर कोणी नवा सर्व्हर मागवला तर आपण त्याला वेड्यात काढू. मग गाडीच्या बाबतीत आपलं इंजिनिअरिंग कुठे जातं?

पुढच्या वेळी पार्ट बदलायला होकार देण्याआधी एकच विचारा, "कोणती टेस्ट केलीत?" उत्तरादाखल समोरच्याने पुन्हा कोडच वाचून दाखवला, तर किल्ली परत मागा.