घड्याळ कोणाचे चुकले?



दोष शोधण्याची वेळ आली म्हणजे मनुष्याची दृष्टी प्रथम दुसऱ्याकडे वळते. गेल्या वर्षी मच्छे येथे आमच्याच गल्लीत घडलेला एक प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. दहावीतील एका मुलीला शिष्यवृत्तीचा अर्ज घरच्या जुन्या संगणकावरून भरावयाचा होता आणि मुदतीचा तो अखेरचा दिवस होता. परंतु अर्जाचे संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ असे सांगून संगणक वाटच अडवी. वडिलांनी संकेतस्थळाला दोष दिला, थोरल्या भावाने इंटरनेटच्या जोडणीला. दोन तास असे गेल्यावर मुलीचे लक्ष पडद्याच्या कोपऱ्यात गेले. संगणकाच्या मते तो दिवस सात वर्षांपूर्वीचा होता!

सुरक्षित संकेतस्थळाजवळ एक ओळखपत्र असते व ते ठरावीक तारखेपासून ठरावीक तारखेपर्यंतच ग्राह्य मानले जाते. सात वर्षे मागे राहिलेल्या संगणकाच्या लेखी त्या ओळखपत्राची मुदत अद्याप सुरूच झाली नव्हती. यंत्राने आपले काम चोख केले. त्याची समजूत तेवढी चुकली होती.

तारीख हाताने सुधारली, अर्ज वेळेत गेला, सर्वांना हायसे वाटले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो घड्याळ पुन्हा मागे! आमचे म्हणणे आहे ते नेमके येथेच. काटे फिरविणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. काटे का चुकले हे शोधणे ही खरी दुरुस्ती होय.

हा शोध क्रमाने घ्यावा. चूक बरोबर साडेपाच तासांची असेल, तर बहुधा घड्याळ ठीक असून देशाची प्रमाणवेळ निवडण्यात गफलत झालेली असते. संगणक बंद करून ठेवला की तारीख मागे जात असेल, तर आतील नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल संपला असे समजावे. त्या मुलीच्या संगणकाचे दुखणे हेच निघाले. फरक थोडाथोडा वाढत असेल, तर तो स्फटिकाचा स्वभाव होय. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा तो इवलासा स्फटिक उष्णतेने व वयाने किंचित ढळतोच.

हे ढळणे सावरण्यासाठी डेव्हिड मिल्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक पद्धती सिद्ध केली. १९८५ साली ती प्रसिद्ध झाली. तिला ‘एनटीपी’ म्हणतात. आपला संगणक वेळ सांगणाऱ्या दूरच्या संगणकाला निरोप धाडतो आणि उत्तर येईपर्यंत प्रवासात किती काळ गेला ते मोजतो. जाण्यास व येण्यास सारखाच वेळ लागला असे धरून तो त्याचे अर्ध घेतो व त्यावरून आपली चूक काढतो. फरक लहान असेल तर घड्याळ हळूहळू सरकवले जाते. मात्र एनटीपीची मूळ आज्ञावली १००० सेकंदांहून अधिक फरक आढळल्यास दुरुस्ती न करता थांबते. एवढी मोठी तफावत पाहून मनुष्याने स्वतः लक्ष घालावे, हाच त्यातील हेतू. सेल संपलेल्या संगणकाला केवळ इंटरनेटच्या भरवशावर सोडू नये, ते याचसाठी.

कोणी म्हणेल, पाचदहा मिनिटांनी असे काय बिघडते? दोन संगणकांवर एकच निबंध लिहिला जात असेल आणि त्यांपैकी एकाचे घड्याळ दहा मिनिटे पुढे असेल, तर त्यावरील जुना मसुदा ‘नवा’ ठरून ताज्या लेखनावर बसू शकतो. संध्याकाळभराचे श्रम पुसले जातात आणि दोषी कोण, हेही कळत नाही.

आपले घड्याळच खरे, हा आग्रह मुंबईनेही धरून पाहिला आहे. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईत तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत टिकून होती. सूर्याच्या हिशेबाने ती खोटी नव्हती. आपल्या मच्छ्याचा मध्यान्हसुद्धा प्रमाणवेळेने सरासरी साडेबाराच्या सुमारास होतो! परंतु एका गावात दोन वेळा नांदू लागल्या की ठरलेल्या भेटी चुकतात. प्रमाणवेळ हा सूर्याचा निवाडा नव्हे. सर्वांनी मिळून दिलेला शब्द आहे. तो शब्द दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील आण्विक घड्याळे आज देशासाठी सांभाळीत आहेत.

म्हणून मित्रहो, संगणक अडला की प्रथम पडद्याचा कोपरा पाहा. जगाला दोष देण्यापूर्वी आपले घड्याळ तपासून पाहण्याची ही सवय संगणकापुरतीच ठेवू नका, एवढीच आमची विनंती.