पेटीवरचा नंबर

कोकणातला आंबा बागायतदार मोबाइलवरून आंबा विकतो, याचे नुसते कौतुक करण्याचे दिवस आता मागे पडले. वाशीच्या बाजार समितीत पेट्या पाठवायच्या आणि दलालाची पट्टी आली की मगच भाव कळायचा, या रिवाजातून थोडा तरी माल बाहेर पडला हे चांगलेच झाले. पण या थेट विक्रीभोवती आता मध्यस्थांची, म्हणजे डिजिटल मार्केटिंगच्या सल्लागारांची, नवी फळी उभी राहते आहे. महिन्याला इतक्या पोस्ट, इतक्या रील, पाडव्याच्या शुभेच्छांचे कार्ड, आणि जाहिरात ‘बूस्ट’ करण्याचे पैसे वेगळे. ज्याच्या बागेतून दोनशे-तीनशे पेट्या निघतात, त्याने हा खर्च का उचलावा? एवढा माल खपायला लाखभर लोकांनी रील पाहावी लागत नाही. शे-दीडशे घरे पुरतात, आणि त्यातली बरीचशी गेल्या हंगामातलीच असतात. ती सांभाळणे हेच छोट्या विक्रेत्याचे डिजिटल मार्केटिंग आहे, आणि ते जवळजवळ फुकट होते.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे अ‍ॅप 2018पासून मोफत मिळते. त्यात मालाचा कॅटलॉग लावता येतो आणि गिऱ्हाइकांना लेबले लावता येतात: पुण्याचे, ठाण्याचे, पैसे बाकी, गेल्या वर्षी दोनदा मागवलेले. ब्रॉडकास्टच्या एका यादीत 256 जण बसतात. मात्र एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. ब्रॉडकास्टचा निरोप त्यालाच पोचतो, ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला आहे. बागायतदार मोठ्या यादीला निरोप धाडतो, तो निम्म्यांनाही जात नाही, आणि याला वाटते गिऱ्हाईक फिरले. म्हणून पेटीच्या झाकणावर ठळक अक्षरांत नंबर छापा. आत चिठ्ठी ठेवा: ‘हा नंबर सेव्ह करा, पुढच्या वर्षी पहिल्या तोडीची खबर याच नंबरवरून येईल.’ छपाईच्या किरकोळ खर्चात होणारे हे काम महिनाभराच्या पोस्टपेक्षा मोलाचे आहे. विचारल्याशिवाय कोणाला ग्रुपमध्ये मात्र ओढू नका. तिथे एकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि गिऱ्हाइकाने तो फक्त आंब्यासाठी दिलेला असतो.

निरोपात काय लिहिता यावरही बरेच ठरते. ‘अस्सल’, ‘नैसर्गिक’, ‘100 टक्के खात्रीचा’ हे सगळेच लिहितात. परराज्यातला आंबा देवगडच्या खोक्यात भरणाराही तेच लिहितो. त्याला लिहिता येणार नाही ते तुम्ही लिहा. बाग कोणत्या गावची, तोड कोणत्या तारखेची, फळ किती ग्रॅमचे, पेटीत किती डझन, आंबा कच्चा आहे की अढीतून काढलेला, खायला किती दिवसांत तयार होईल. हापूसमध्ये साका निघतो आणि तो वरून दिसत नाही, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असते. मग तेही आधीच सांगून टाका: ‘साका निघाला तर फोटो पाठवा, तेवढी फळे बदलून देऊ.’ असे लिहिणाऱ्याकडे गिऱ्हाईक परत येते. व्हिडिओ हवाच असेल तर झेल्याने देठासकट फळ उतरवताना अर्धा मिनिट फोन धरा. त्याला संगीत नको, निवेदन नको. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांचा तो हक्क आहे. त्याचे अधिकृत वापरकर्ता असाल तर तसे स्पष्ट लिहा. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने 2025च्या हंगामात फळाफळावर लावायचे स्वतंत्र क्रमांकाचे स्टिकर आणले. त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून खातरजमा करता येते. नावावर चाललेली फसवणूक रोखायची तर गिऱ्हाइकाच्या हाती तपासण्याचे साधन द्यावे लागते, आणि ते कसे वापरायचे हे समजावणे हीसुद्धा जाहिरातच आहे.

एप्रिल-मेमध्ये पुण्या-मुंबईत स्टॉल लावणाऱ्यांनी गूगल मॅपवरची नोंद नीट ठेवावी. जागा, वेळ, फोन आणि हंगाम संपला की ‘तात्पुरते बंद’ ही खूण, एवढे पुरे. ‘तुम्हाला गूगलवर पहिल्या नंबरवर आणतो’ म्हणत पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. पैसे भरून मॅपवरचा क्रम सुधारता येत नाही, हे गूगलनेच लिहून ठेवले आहे. शोधलेल्या गोष्टीशी जुळणी, अंतर आणि नावलौकिक यांवर तो ठरतो. नावलौकिक म्हणाल तर आंबा खाऊन तृप्त झालेल्या घराला दोन ओळी लिहायची विनंती करा. विकतचे अभिप्राय वाचणाऱ्याला ओळखू येतात.

सगळ्यात मोठा धोका मात्र खात्याच्या मालकीचा आहे. पान सल्लागाराच्या ईमेलवरून उघडलेले असते, पासवर्ड त्याच्याकडे, ओटीपी त्याच्या फोनवर. त्याच्याशी बिनसले की पाच-सहा हंगामांची गिऱ्हाइके आणि त्यांचे अभिप्राय दुसऱ्याच्या हातात राहतात. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून कोणी बाग राखत नाही. तेव्हा पावसाळ्यात बागेची कामे हलकी असताना घरातल्या शिकत्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा आणि एकेक खाते उघडून मालक म्हणून कोणाचे नाव आहे ते तपासा. तुमचे नसेल, तर पुढच्या हंगामाची पहिली पेटी निघण्याआधी ते बदलून घ्या.