ओझे कोणाचे, शिखर कोणाचे?

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या डिसेंबरात आपल्या महाविद्यालयाच्या सभागृहात एका गिर्यारोहकाचे व्याख्यान झाले. आफ्रिकेतील किलिमांजारो पर्वतावर जाऊन आलेले हे गृहस्थ. पडद्यावर एकामागून एक चित्रे सरकत होती. शेवटी शिखरावर फडकणारा तिरंगा दिसला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या मीही वाजवल्या. पण माझे मन आधीच्या एका चित्रातच अडकले होते. त्यात वक्ते दोन्ही हातांत काठ्या घेऊन हसत उभे होते आणि त्यांच्या मागून एक तरुण डोक्यावर भलेमोठे गाठोडे घेऊन चढत होता. त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता, मान तेवढी दिसत होती. ती ताठलेली मान मला ओळखीची वाटली. माझे वडील मार्केट यार्डात हमाल आहेत.

“यांना काय मिळते?” हा प्रश्न अगदी ओठांवर आला होता. पण भरल्या सभागृहात उभे राहण्याचे धाडस झाले नाही. म्हणून जे तेव्हा बोललो नाही, ते आज लिहीत आहे.

किलिमांजारो टांझानियात आहे. उंची ५,८९५ मीटर. विषुववृत्ताच्या दक्षिणेस जेमतेम तीन अंशांवर असूनही त्याच्या माथ्यावर बर्फ आहे. मात्र १९१२ साली होते त्यातले शेकडा ऐंशीहून अधिक आता नाहीसे झाले आहे. पायथ्याशी चग्गा लोकांच्या केळीच्या आणि कॉफीच्या बागा, त्यांच्यावर घनदाट पावसाळी अरण्य, मग झुडपांचे माळ, मग दगडमातीचे उजाड वाळवंट आणि शेवटी बर्फ. सहा-सात दिवसांच्या पायपिटीत माणूस एवढे सगळे प्रदेश ओलांडतो. अशा उंचीवर रोज दुपारी ऊन भाजते आणि रोज रात्री पाणी गोठते. तिथल्या झाडांनी यावर उपाय शोधला आहे. दोन-तीन पुरुष उंचीचे ‘सेनेसिओ’ नावाचे झाड आपली वाळलेली पाने गाळतच नाही. खोडाभोवती ती घोंगडीसारखी पांघरून ठेवते. ‘लोबेलिया’ ही वनस्पती रात्र झाली की पाने मिटून आतला कोंब जपते.

अशा मुलखातून वाटाड्याशिवाय चढण्याची परवानगी नाही आणि ते योग्यच आहे. शिखरावर प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्माच मिळतो. घाई करणाऱ्याच्या जिवावर बेतते. म्हणून तिथले वाटाडे सारखे बजावतात, “पोले पोले!” म्हणजे हळूहळू. पण हमालांना हळूहळू चालणे परवडत नाही. प्रवासी सकाळी निघाले की मागे तंबू उतरवायचे, भांडी बांधायची, वाटेत प्रवाशांना मागे टाकून पुढचा मुक्काम गाठायचा आणि साहेब पोहोचण्यापूर्वी तंबू उभारून चहाचे पाणी उकळत ठेवायचे! एका प्रवाशामागे साधारण तीन हमाल लागतात. नियमाने प्रत्येकावर सुमारे वीस किलोंचे ओझे, शिवाय स्वतःचे सामान वेगळे. शेवटच्या मुक्कामाचे नाव ‘बराफू’. स्वाहिली भाषेत बराफू म्हणजे आपला बर्फच. हमाल तिथपर्यंतच येतात. तिथून वर शिखरावर वाटाडे जातात, प्रवासी जातात. छायाचित्र वर काढतात.

हे सारे मी घरी वडिलांना सांगितले. वीस किलो ऐकून ते हसले. “एवढंच? हे काय ओझं झालं?” मग त्यांनी विचारले, “पण किती उंचावर?” मी म्हणालो, “पंधरा हजार फूट.” ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मग रात्री निजतात कुठं?”

मित्रहो, एवढी पुस्तके चाळूनही हा प्रश्न मला सुचला नव्हता! त्याचे उत्तर सुखाचे नाही. कित्येकदा हमाल प्रवाशांच्या जेवणाच्या तंबूतच दाटीवाटीने पडतात, तेही पातळ पांघरुणात. तिथल्या झाडालासुद्धा घोंगडी आहे. त्याच वाटेवरच्या माणसाला असेलच असे नाही.

कोणी म्हणेल, मग हमाल घेऊच नयेत. हे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. पोत्याला हात लावणे पाप ठरवले तर माझ्या घरची चूल विझेल. ओझे वाहण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो मोबदल्यासाठी दुसऱ्याच्या मर्जीकडे पाहत राहण्यात. किलिमांजारोवर हमालाच्या कमाईचा मोठा हिस्सा प्रवाशाच्या बक्षिसीवर अवलंबून असतो. स्वस्तात सहल विकायची तर दिवस कमी करतात आणि मजुरीला कात्री लावतात. पहिल्याने प्रवाशाचा जीव धोक्यात येतो, दुसऱ्याने हमालाचा. २००३ पासून ‘किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट’ ही संस्था हमालांना गरम कपडे विनामूल्य वापरायला देते. त्यांची मजुरी, अन्न, निवारा यांवर लक्ष ठेवते. हे काम मोलाचे आहे. पण संस्थेने लक्ष ठेवणे वेगळे आणि कायद्याने हक्क मिळणे वेगळे.

हा फरक आपण महाराष्ट्रातल्यांनी तरी ओळखायला हवा. अण्णासाहेब पाटील, डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्यांच्या लढ्यांतून १९६९ साली इथे माथाडी कायदा झाला. मालकाने मजुरी मंडळाकडे भरायची, वर लेव्ही भरायची आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, औषधपाणी. मी आज महाविद्यालयात बसून हा लेख लिहितो आहे तो कोणाच्या बक्षिसीवर नव्हे, या हक्काच्या पैशावर.

किलिमांजारोवर पहिल्यांदा चढले ते हान्स मेयर आणि लुडविग पुर्टशेलर, १८८९ साली. या दोन नावांविषयी वाद नाही. शताब्दीच्या वेळी योहानी लाउवो नावाच्या वृद्ध चग्गा वाटाड्याचा त्या मोहिमेचा वाटाड्या म्हणून गौरव झाला. पण तो खरोखर त्या मोहिमेत होता का, यावर अभ्यासकांत अजून वाद चालू आहे. शंभर वर्षांनंतरही ज्याच्याविषयी खात्री देता येत नाही, तो वाटाड्याच असावा, हा निव्वळ योगायोग म्हणायचा का?

म्हणून माझे मागणे साधे आहे. यापुढे आपल्या व्यासपीठावर शिखर गाठून आलेल्याचा सत्कार जरूर व्हावा. पण त्याला दोन प्रश्नही विचारावेत. तुमच्याबरोबर किती हमाल होते? आणि ते रात्री कुठे निजत होते?

जाता जाता एक कबुली. प्रवेशअर्जावर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी पहिल्या वर्षी ‘व्यापार’ लिहिले होते. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षाचा अर्ज जूनमध्ये भरायचा आहे. त्यात मी ‘हमाल’ लिहिणार आहे.